लंबू दुसऱ्या होडीत बसली

१४ जुलै, सोमवार
आणि वर म्हणते कशी, राग मानू नकोस. मानणारच. वीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत या लंबूने माझ्यासमोर उभं राहून चादरींच्या घड्या घातल्या. दोन कोपरे तिचे, दोन माझे. काल, चार दिवसांच्या पावसाने नदी भरली म्हणून हौसेने होडी वल्हवायला गेलो, तर पहिल्याच वळणावर होडी काठाला लावायला लावली, उतरली आणि शिंपिणीच्या होडीत जाऊन बसली. ही शिंपीण आमच्याकडे फाटक्या चादरी शिवते. येऊन दोन वर्षं नाही झाली.

शिंपिणीबरोबर होडीवाला बसला होता, तो मग माझ्याकडे आला. मला मावशी म्हणाला. स्वतःचे केस पांढरे.

होडी गोल फिरत होती हे खरं. ते लंबूमुळे. तिचे हात लांब, बॅलन्स जातो. ती उतरल्यावरही फिरत होती, पण एकदा बॅलन्स गेला की गेला. होडीवाला म्हणे, मावशी, तुम्ही पाणी ढवळताय, मागे ढकला. रोज सकाळी सोड्याच्या हौदात शंभर चादरी ढवळते मी. हा मला पाणी शिकवणार.

ठरलं. लंबूशी बोलणं बंद. येत्या रविवारी तिच्या आधी पुलापर्यंत पोचायचं आणि पुलाखाली बसून तिची वाट बघायची. बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं.

१५ जुलै, मंगळवार
अबोला जोरात. घडी घालताना घे, ताण, ये असं म्हणावं लागतं. एक शब्द नाही काढला. चाळीस चादरी तिरक्या झाल्या, सुपरवायझर मॅडमनी परत पाठवल्या. लंबूला चांगली अद्दल. मलाही परत घालाव्या लागल्या, पण मला सवय आहे.

१६ जुलै, बुधवार
सकाळी हौदात प्रॅक्टिस केली. ढवळायची काठी म्हणजे वल्हंच. पाणी असं गरगर फिरलं की साबणाचा फेस बाहेर आला. हात तयार आहे.

दुपारी मोठी चादर ताणताना माझ्या हातून सुटली. सुटली म्हणजे सोडली. लंबू मागच्या गाठोड्यावर आपटली, पाय वर. फार बरं वाटलं. वाटलं हसेल, एरवी कशालाही हसते. नाही हसली. उठली, कोपरे गोळा केले, माझ्या हातात दिले. हाच तिचा आगाऊपणा.

१७ जुलै, गुरुवार
दिवसभर धो धो. नदीला आणखी पाणी, म्हणजे माझा फायदा.

होडीवाला म्हणतो, या पाण्यात एकटीला होडी देणार नाही. जावेला विचारलं. म्हणाली, कंबर धरलीये. मी विचारेपर्यंत धरली नव्हती. नवरा म्हणाला, तुला पोहता कुठे येतं. म्हटलं, मला नदीत नाही जायचं, नदीवरून जायचंय.

१९ जुलै, शनिवार
नवरा यायला तयार. म्हणजे नाही म्हणाला नाही. म्हणजे झोपला होता.

मधल्या सुट्टीत शिंपीण म्हणाली, उद्या सगळे मिळून जाऊ या का. म्हटलं, उद्या काय ते कळेलच. हे वाक्य मंगळवारपासून तयार ठेवलं होतं. तिला काही समजलं नाही. लंबूला समजलं असणार.

२० जुलै, रविवार, दुपार
पाणी तांबडं आणि जोरात. होडीवाल्याने बजावलं, मधे जायचं नाही, काठाकाठाने चला. त्या दोघी सरळ पुढे गेल्या. मी जोर लावला. होडी फिरली. आणखी जोर लावला. आणखी फिरली. नवरा चकरा मोजत होता. मोजायला आणला होता का त्याला? पाचव्या चकरेला काठाशी गुडघाभर पाणी लागलं तसा तो उतरला आणि चालायला लागला. चालत माझ्या आधी पुलावर पोचला.

पुढे होडी आडवी होऊन लव्हाळ्यात घुसली. वल्हं अडकलं. खालून पाणी ओढत होतं. घाबरले नाही. वल्हं दोन्ही हातांनी धरून ठेवलं ते वाहून जाऊ नये म्हणून.

लंबू पुलापाशी पोचलीच होती. होडी वळवून परत आली. कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिलाही पोहता येत नाही. म्हणाली, वल्हं सोड, हात दे. मी तिच्याशी बोलत नाही, म्हणून बसून राहिले. थोडा वेळ. मग दिला हात. हात देणं म्हणजे बोलणं नव्हे.

काठावर म्हणाली, मागच्या रविवारी तुला तीनदा सांगितलं, थांब गं, मला भीती वाटतेय. तू म्हणालीस, गप बस आणि जोर लाव. म्हणून उतरले.

एकदाच म्हणाली होती. फार तर दोनदा.

२१ जुलै, सोमवार
मॅडमनी बोलावलं. तिरक्या चादरींची तक्रार वर गेली. पुढच्या सोमवारपासून लंबू आणि शिंपीण घडीला, मी पूर्ण दिवस हौदावर, एकटी. म्हटलं, चालेल. मॅडम म्हणाल्या, दोघी मिळून येऊन सांगितलंत तर जोडी राहू देईन. म्हटलं, मला काही गरज नाही.

दुपारी लंबूला विचारलं, येतेस का मॅडमकडे. म्हणाली, विचार करते. विचार. वीस वर्षांत समोर कोण उभं राहणार याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

२२ जुलै, मंगळवार
तिच्या एप्रनच्या खिशात चिठ्ठी टाकणार आहे. चौथीच्या पुढे शाळा नाही, म्हणून आधी इथे कच्ची लिहिते.

लंबू, मी रागावलेली आहे आणि राहणार आहे. पण मॅडमकडे चल. घडी घालताना मी बोलेन. बुधवारी चादर सुटली नाही, मी सोडली. तुला माहीत असेलच, तरी लिहिलं. होडीत पुढे तू बस. वल्हंही तूच घे, मी नुसती बसते. भीती वाटली तर एकदा सांग, तीनदा सांगू नकोस, मी थांबेन. हो म्हण नाहीतर नाही म्हण. विचार करते म्हणू नकोस, ते मला सहन होत नाही. शनिवारी पाळी सुटायच्या आत मला उत्तर पाहिजे.