फ्रिजमधलं लोणार

मॅडम, तुमचा फ्रिज रिकामा केला त्यांनी. तपासणीची समिती येणार म्हणून नांदेडच्या आपल्या लॅबला रंग दिला, नवे पडदे लावले आणि खालच्या कप्प्यातल्या तुमच्या लोणारच्या जिवाणूंच्या सगळ्या काचेच्या नळ्या वाफेत घालून मारून टाकल्या. मला इथे लातूरला कळलं आठ दिवसांनी, तेही लॅबमधल्या जुन्या मामांनी फोन केला म्हणून. "म्याडमच्या नळ्या गेल्या बगा. मी म्हनलं, इचारा तरी कुनाला. पर मपलं कोन ऐकतंय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकली, एसटीने नांदेड गाठलं आणि विभागप्रमुखांच्या टेबलासमोर उभी राहिले. तरुण आहेत, तुम्हाला ओळखतही नाहीत. म्हणाले, "एवढंच असेल तर लोणारहून नवं पाणी आणा की." जसं काही ती दुधाची पिशवी आहे, संपली की दुसरी आणायची!

नवं कुठून आणू? तुम्ही मला पहिल्यांदा त्या खाऱ्या तळ्यावर नेलंत तो दिवस आठवतो. काठावर पांढरा खार साचलाय, पाणी हिरवट आहे, वास नाकात बसलाय. तुम्ही साडी खोचून चिखलात उतरता आणि मला बाटल्या भरायला लावता. येताना कंडक्टर आपल्या कॅनकडे बघून म्हणतो, "काय भरून आणलं वो बाई? लई वास मारून राहिलं." तुम्ही शांतपणे सांगता, "जित्राब हाय त्यात. तिकीट मागू नका." धुण्याच्या सोड्यासारख्या त्या पाण्यात मासा तगत नाही, पण तुम्ही त्यातून कितीतरी तऱ्हांचे जिवाणू वेगळे केलेत. कुणाच्या वसाहती गुलाबी, कुणाच्या पिवळ्या, कुणाच्या सुरकुतलेल्या. प्रत्येकाला वेगळी नळी आणि वेगळा नंबर. आता त्या तळ्यात गोडं पाणी आणि सांडपाणी उतरतंय, असं तिथलेच लोक सांगतात. तेव्हाचे किती उरलेत कुणास ठाऊक. आणि हे म्हणतात नवं आणा!

मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी जुनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "आम्ही बघूनच टाकलंय," म्हणाले. प्रत्येक नंबरापुढे 'वाढ नाही' लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा नळ्या माझ्या हवाली केल्या होत्या. या जिवाणूंना वाढायला खारं, सोड्याचं अगार, म्हणजे जेलीसारखं थिजवलेलं खाद्य, लागतं. सोडा वेगळा निर्जंतुक करायचा आणि अगार जरा निवलं की त्यात घालायचा, ही तुमची रीत. एकदा मी दोन्ही एकत्र शिजवलं आणि अगार गोठलंच नाही, तेव्हा सगळ्या वर्गादेखत तुम्ही केवढ्या ओरडलात! "पिठलं केलंस का गं? किती बार सांगू, सोडा येगळा!" त्या धाकाने तुमच्या आजारपणात मी सोडा वेगळा ठेवला, आणि घालायचाच राहिला. नळ्यांमधले जिवाणू साध्या अगारवर उगवले नाहीत. मी सगळं मेलं असं समजून रजिस्टर भरलं. महिन्याभराने ओव्हनमागे सोड्याचा फ्लास्क सापडला, काठोकाठ भरलेला. तोवर तुम्ही गेला होतात आणि मला लातूरची नोकरी लागली होती. जुन्या नळ्या फ्रिजमध्ये तशाच होत्या. असे कित्येक जिवाणू बीजाणू होऊन वर्षानुवर्षं तग धरतात, हे मी स्वतः दरवर्षी वर्गात शिकवते. पण रजिस्टरातलं ते 'वाढ नाही' खोडायला मी कधी नांदेडला आले नाही. माझी चूक मला कुणाला दाखवायची नव्हती.

तरी राग त्यांच्यावर आहेच. एक फोन करायला काय जात होतं? आणि तुमच्यावरही आहे. इतकी वर्षं जपलेलं एका भित्र्या पोरीच्या हातात का दिलंत? हे पत्र धाडायला पत्ता नाही, याचं मला बरंच वाटतंय. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "जगले का गं समदे?" मी म्हटलं, "हाव मॅडम, समदे." तुम्हाला दिलासा दिला, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पडल्यापडल्या पहिला प्रश्न सोड्याचाच विचारला असता. पण मी घाबरले. तुमच्या अंगात ओरडायचं बळ उरलं नव्हतं, हे समोर दिसत असूनही घाबरले.