सुतकातला खेकडा

अंदमान, शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी माकणीहून बायकोचा फोन आला. माझा चुलतभाऊ किसन गेला. तिला म्हणालो, पोराला मीच सांगतो. सांगितलं नाही. त्याची सहल कशाला नासवायची?

मग सगळे समुद्राकाठच्या हॉटेलात जेवायला गेलो. सुतकात मी खेकडा खाल्ला. किसन आणि मी तेरणेत धरायचो, तसलाच, पण मोठा. सून म्हणाली, "अण्णा, लाजू नका, अजून घ्या." घेतला. चव लागली, तेच सलतंय. पोरासाठी गप्प बसलो का खेकड्यासाठी?

आत्ता परत बायकोचा फोन. आज घरी चूल पेटली नाही.

"तुम्ही बी उपाशीच असाल. परका मुलूख हाय, निदान कपभर दूध तरी घ्या."

"घेतो," म्हणालो.