'खानदेशी स्त्री'

रविवार, संध्याकाळ. सोनगीर.

आबांना भुसा भरलेला बिबट्या दाखवायला धुळ्याच्या संग्रहालयात नेलं होतं. बिबट्या राहिला बाजूला. चित्रांच्या दालनात एका तैलचित्रापुढे ते थबकले. पाटीवर 'खानदेशी स्त्री', चित्रकार अज्ञात.

"हाई तं तुनी माय शे," आबा म्हणाले.

मी हसलेच. मग चित्रातल्या बाईचा पुढचा तुटका दात दिसला. आत्या सांगायची तोच. मी रांगत होते तेव्हा आई गेली, घरात तिचा एकही फोटो नाही. आणि इथे ती तोंडभर हसतेय! त्या दाताची तिला एवढी लाज, की नवऱ्यासमोर, आबांसमोरही तोंडाला पदर लावायची म्हणे. मग तो दात या परक्या माणसाला कसा दिसला? कोण होता तो?

एसटीत न राहवून विचारलं, "आबा, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटनं ना, पोरी. ती इतली हासे, हाई माले माहीतच नव्हतं."

घरी पोचल्यावर दारात चपला काढताना म्हणाले, "पुढला रविवारे माले परत लई जाशी का?"

मी हो म्हणून बसले. पण आबा तिच्याकडे बघत उभे राहतील, तेव्हा मी कुठे बघू?