सहीच्या रांगेत

धाकटे,

ताईकडून तुला अनेक आशीर्वाद. प्रवास नीट झाला, खोली स्वच्छ आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. ह्यांना एवढंच सांग. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

काल पुस्तकांच्या दुकानात आपल्या पोराने स्वतःच्या पुस्तकातलं वाचून दाखवलं. घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच दिसला. किती वाळलाय गं! पण वाचतो छान, सगळं दुकान चिडीचूप. वाटलं, संपलं की जाऊन पाठीवरून हात फिरवावा.

मग कुणीतरी विचारलं, "पुस्तक वाचून आईवडील काय म्हणाले?"

तो सहज म्हणाला, "ते नाहीत. मी लहान असतानाच गेले."

शेजारची बाई हळहळली, "बिचारा!" मीही मान डोलावली. दुसरं काय करणार?

तरी पुस्तक घेऊन सहीच्या रांगेत उभी राहिले. पोटचा गोळा आहे, पाय मागे फिरेनात. त्याने वर पाहिलं. ओळखलं त्याने, धाकटे. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या, लहानपणी व्हायच्या तशा. मग खाली बघून म्हणाला, "नाव काय लिहू?"

मी म्हटलं, "राहू दे."

त्याने नुसती सही केली आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसला.

पुढच्या आठवड्यात निघते. ह्यांच्या औषधांकडे लक्ष आहे ना तुझं? दारात पाऊल ठेवताच ते विचारतील, "माझ्याबद्दल काय म्हणाला?"

तूच सांग, काय सांगू?

तुझी,
ताई