कमरेला खोचलेलं बी

२ फेब्रुवारी
टोमॅटोला गादी! तीही विजेवर तापणारी! आणि मी पत्र्याच्या खोलीत दोन स्वेटर घालून दात वाजवत बसलोय.

उदयसिंह साहेब आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याचे. हिमाचलात येऊन चार पॉलीहाऊस भाड्यानं घेतलीत. इथं सकाळी बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं, आणि साहेबांना सगळ्यांच्या आधी टोमॅटो बाजारात न्यायचाय. म्हणून बी आत्ताच टाकायचं, गरम गादीवर. साहेब व्हिडिओ बघून शेती करतात. मध्ये जाहिरात लागली की आमचं काम थांबतं.

मला आणलंय ‘आपल्याकडचा अनुभवी पोरगा’ म्हणून. अनुभव म्हणजे करकंबच्या नर्सरीत आठ दिवस ट्रे भरले. साहेबांना दोन वर्षं सांगितलीत. खरं तर मला कळतात मेंढरं. तीही वडलांनी, म्हणजे आप्पांनी, मागं मागं फिरवलं म्हणून.

४ फेब्रुवारी
इथलीच एक म्हातारी कामाला आहे. सगळे तिला अम्मा म्हणतात. निम्मं बी तिनं ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचलं. अंगाच्या उबेनं मोड येतात म्हणे!

मी विचारलं, “अम्मा, अंडी पण घालणार का?”

हसली. दोनच दात.

साहेब म्हणाले, “हे सायंटिफिक नाही.” तरी सोडलं तिला. निम्मं बी गादीवर, निम्मं कमरेवर. लागली शर्यत.

८ फेब्रुवारी
कंबर जिंकली! दोन दिवस वीज नव्हती, गादी गार. साहेब म्हणाले, “टेक्निकल इश्यू.” गादीवर पुन्हा बी टाकलं नाही. अम्माच्या कमरेवर टाकलं.

९ फेब्रुवारी
आप्पांचा फोन. जेवलो का, थंडी कशी— काही नाही. पहिला सवाल, “रोप किती पानावर हाय रं?”

“आप्पा, आत्ता कुटं मान वर काढलीया.”

कमरेची गोष्ट सांगितली. वाटलं हसतील. म्हणाले, “बाई जाणती हाय. तिच्या मागं मागं ऱ्हा.”

मग रोजचं पारायण. “अभिमन्यू, पाच कामं सोडलीस. ह्ये सहावं. ह्येबी सोडून आलास तर दार उघडं ठिवीन, पर तोंड उघडनार न्हाय. ध्यानात ठिव.”

नाव कुणी ठेवलं मग? त्या महाभारतातल्याला बाहेर पडता येत नव्हतं. मला तेवढंच येतं!

१५ फेब्रुवारी
साहेबांनी आज भाषण केलं. ऐकणारे दोघं— मी आणि अम्मा. सहाशे रोपं वीस मार्चला जमिनीत गेली तर मी कायमचा. एका पॉलीहाऊसचा मुकादम! नाही गेली तर सोलापूरची गाडी.

गंमत म्हणजे, पहिल्यांदाच वाटलं, राहावं इथं. रोज सकाळी रोपं कालच्यापेक्षा नखभर वाढलेली दिसतात. मेंढरू असं लगेच मोठं होऊन दाखवत नाही.

२३ फेब्रुवारी
अम्माचे कायदे. पाणी ऊन चढल्यावरच, तेही कोमट. सांजच्याला थेंब नाही. दिवस कलायच्या आत प्लास्टिकची खिडकी बंद. खिडकी तिच्याकडं, पाणी माझ्याकडं.

आज नातीला ताप म्हणून लवकर गेली. जाताना खिडकी लावून, “उघडू नको,” सांगून गेली.

आमच्याकडं प्लास्टिकात रोप उकडून मरतं! आणि शहाणा माणूस पाणी सांजचंच घालतो, दुपारचं घातलं तर मुळं भाजतात. मी खिडकी उघडली. झारीनं पाणी घातलं. निम्मे ट्रे झाले आणि कंटाळा आला. उरलेले सोडले तसेच. म्हातारीला एकदा आपल्याकडचा मे महिना दाखवला पाहिजे.

२४ फेब्रुवारी
मेली.

शिजवलेल्या मेथीसारखी आडवी. जिथं जिथं पाणी घातलं तिथं तिथं. माझ्या कंटाळ्यानं तीनशे वाचली.

साहेब ओरडले, “खिडकी कुणाकडं होती?”

“अम्माकडं,” मी म्हणालो. एवढंच. खोटं कुठं आहे त्यात? तिच्याकडंच होती की!

अम्मानं माझ्याकडं बघितलं. मग झारीकडं. झारीत बर्फाची चकती. साहेब तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

२५ फेब्रुवारी
जेवलो नाही. भात कच्चा होता.

२७ फेब्रुवारी
आप्पा— “किती पानावर हाय?”

“निम्मी मेली.”

“कशानं?”

“थंडीनं.”

“नुसत्या थंडीनं न्हाय मरत. ओलं आसल तर मरतंय. माघातलं कोकरू सांजचं धुतो का रं आपुन?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“धुतलंस,” म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं! मग म्हणाले, “आन ती बाई काय म्हनली?”

रेंज नाही म्हणून फोन ठेवला. पाच काड्या होत्या.

४ मार्च
आता सगळे कायदे पाळतो. कायदे करणारी नाही, तर पाळतो. वा रे वा! पाणी दहा वाजता, कोमट. काळ्या रंगाच्या बाटल्या पाणी भरून उन्हात ठेवतो, सांजच्याला ट्रेच्या मध्ये उभ्या करतो. हे अम्मा करायची तेव्हा मी म्हणायचो, दुकान मांडलंय काय. वरून आप्पांचं घोंगडं. इथं येताना बॅगेत तळाशी लपवलं होतं, वास येतो म्हणून. मी दोन स्वेटरवर झोपतो.

साहेबांनी आणखी तीनशे रोपं दुसरीकडून आणवली. व्हिडिओत आपलीच म्हणून दाखवणार.

११ मार्च
अम्माच्या घरावरून गेलो. ओसरीत लोकर कातत बसली होती. तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हात वर करून विचारलं, किती पानं?

मी चार बोटं दाखवली आणि पळालो.

१९ मार्च
उद्या लागवड. म्हणून आज व्हिडिओ. साहेबांनी मला नवी टोपी घातली. “हे आपले सोलापूरचे एक्स्पर्ट! अभिमन्यू, सांग बरं, थंडीत लवकर टोमॅटो घ्यायचं सिक्रेट काय?”

मी म्हणालो, “बी कमरेला बांधायचं. पाणी सकाळी घालायचं. सांजचं घातलं ते मी. खिडकी उघडली ती पण मी. अम्मानं नाही. आणि नर्सरीत मी आठच दिवस होतो.”

साहेबांनी मोबाईल खाली घेतला. “हे एडिट करावं लागेल.” मग माझ्याकडं बघून, “तुला पण.”

टोपी काढून घेतली.

२० मार्च
साहेब स्वतः गाडी घेऊन अम्माला आणायला गेले. रोपं तिनं लावली. चारही पॉलीहाऊस आता तिच्याकडं.

मी बॅग भरून घोंगडं काढायला गेलो. तिनं मनगट धरलं. वाटलं, आता देती ठेवून! तिनं कमरेचं ओलं फडकं सोडलं— पुढच्या लावणीचं बी होतं त्यात. निम्मं फाडून माझ्या कमरेला बांधलं. गाठ जरा जास्तच आवळली.

घोंगडं मात्र दिलं नाही. ट्रेवरच राहिलं.

२२ मार्च
गाडीत. दर दोन तासांनी बाटलीच्या झाकणानं कमरेला पाणी घालतोय. शेजारचा सरकून बसला. बसू दे.

आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, खिडकीसकट. पलीकडून फोन बंद.

२३ मार्च
जेऊरला उतरलो. डांबर वितळलंय. ह्या उन्हात टोमॅटो लावतंय कोण? आप्पा स्टेशनात उभे. तोंड बंद, ठरल्याप्रमाणं. मी तिथंच फडकं सोडून बघितलं— मोड आलेत! आप्पांनी डोक्याचा पटका काढला, त्यावर सावली धरली.

“उन्हात काय धरलास रं त्यास्नी? मरतील की!”