राणीचा चष्मा

३ मार्च
ताईच्या कादंबरीचा दुसरा भाग आला, एका बैठकीत संपवला. काय हे! पहिल्या भागातली राणी प्रजेचे आवाज कुप्यांमध्ये कोंडून ठेवायची. शिक्षा सुनावण्याआधी शांतपणे चष्मा पुसायची — तिथे पान उलटायचीच भीती वाटायची. आता तीच ड्रॅगनच्या पिल्लांना अंगाई गाते. चष्मा तर गायबच! ताई इतकं मिळमिळीत लिहूच शकत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ मार्च
ती राणी म्हणजे आमची आई. हे फक्त आम्हा दोघी बहिणींना ठाऊक. म्हणून तर पहिला भाग आईला दाखवलाच नाही, माळ्यावर टाकला. आणि आज ताईचा फोन — हा भाग आईला वाचून दाखव म्हणे. वर्षानुवर्षं आईशी धड न बोलणारी ताई! हिला एकाएकी मायेचा उमाळा कुठून आला?

७ मार्च
दुकानात गिऱ्हाईकं उभी, आणि हिचे फोन. आई कुठवर पोचली? राणीबद्दल काही म्हणाली? मी म्हटलं, स्वतः येऊन विचार. तिनं फोनच ठेवला.
आई अंथरुणात डोळे मिटून ऐकते. हूं नाही की चूं नाही. आता मला तिचाही संशय येतो.

८ मार्च
पहिला भाग माळ्यावर नाही!!

९ मार्च
ताईला खडसावलं, तूच नेलास ना? तर रडायलाच लागली. "मी कशाला नेऊ? मला तर तो जाळून टाकावासा वाटतो." आईचं दुखणं बरं होणारं नाही हे कळलं, तेव्हाच तिनं ही नवी राणी लिहायला घेतली होती. आईनं जाण्याआधी स्वतःबद्दल एकदा तरी चांगलं ऐकावं, बस. पुस्तक बिघडतंय हे तिलाही कळत होतं.
मी उगाच तिच्यावर डाफरले. फार वाईट वाटलं.

११ मार्च
आज शेवटचं पान वाचलं. आईनं तिच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली — आयुष्यात पहिल्यांदा! खालच्या कप्प्यात साड्यांखाली पहिला भाग. वाचून वाचून पानं मऊ पडलेली.
आईनं सावकाश चष्मा पुसला. जुन्या सवयीनं मी ताठ उभी राहिले.
"हा आला तेव्हाच माळ्यावरून काढून वाचला मी. यातली राणी मी आहे. त्या दुसऱ्या बाईला मी ओळखत नाही."
मग म्हणाली, "थोरलीला फोन लाव. म्हणावं, माझा चष्मा परत दे."