गुंजनला घरी बोलवावं, हे माझं स्पष्ट मत

पिपरी मेघे, वर्धा

तीर्थरूप पुंडलिकराव भाऊजींना सदाशिवचा वाकून नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? पंचफुलाताईला सांगा, वांगी पोचली (सुलोचनेने निम्मी शेजारी वाटली, उरलेल्यांचं भरीत केलं, आणि मला उपवास निघाला).

गुंजनने माझ्याकडे राहून चालवलेलं बर्फावरचं नाचणं सोडून तळेगावला यावं आणि बी.एड. करावं की नाही, हे तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर मध्येच ताई रडते, म्हणून लिहितो. माझं मत स्पष्ट आहे: पोरीला घरी बोलवा. जिथे मे महिन्यात नळाचं पाणी तसंच चहाला चालतं, तिथे बर्फाचा खेळ काढायचा म्हणजे अक्कल गहाण टाकणं आहे. बर्फ नाही म्हणून हिने माझं मंगल कार्यालय धरलं. खाली ग्रॅनाइट, पायात चाकांचे बूट. मुहूर्त नसला की हॉल हिचा. लोक पंचांगात मुहूर्त शोधतात, आपली पोर मुहूर्त नसलेले दिवस शोधते. अधिक महिना लागला तेव्हा हिने पेढे वाटले (आणि मी बँकेच्या साहेबांना तोंड चुकवत फिरलो).

एकदा आनंदाबाई पुतणीच्या लग्नासाठी हॉल बघायला आल्या. गुंजन एका पायावर गरगर फिरत होती, केस मोकळे. बाईंना वाटलं, अंगात आलं. त्यांनी तिथेच पदर पसरला, "माय, माह्या पोरीचं लगन कवा जमन?" पोरीला आली होती चक्कर, तिने आधाराला खांबाकडे हात केला. खांब तिच्या पूर्वेला. बाईंनी पूर्वेकडचं स्थळ पाहिलं आणि ते जमलं! आता दर गुरुवारी दारात चपलांचा ढीग असतो आणि सुलोचना सगळ्यांना चहा करते.

मग उत्तरेकडे स्पर्धेला मी सोबत गेलो. खरा बर्फ, पोरीचा पहिलाच. आपण साधी बोअर मारली तरी नारळ फोडतो, मग इथे तसंच कसं उतरू द्यायचं? दगड कुठे दिसेना. कठड्यावरून वाकलो आणि दिला बर्फावरच आपटून. पाणी सांडलं ते तिथल्या तिथे गोठलं, मोठं टेंगूळ आलं. करवंट्या पार पलीकडे घसरत गेल्या. "अंकल, ये क्या कर दिया?" म्हणत एक साहेब धावत आला. बर्फ घासायचं यंत्र आणावं लागलं, स्पर्धा खोळंबली. मी तोवर प्रसाद वाटला (एका परीक्षकाने दोनदा घेतला).

गुंजन उतरली आणि पडली. उठली, पुन्हा पडली. मी डोळे मिटले. उघडले तर पोर सुसाट, पण मैदानाच्या मधोमध एक जागा सोडून. तिथे काही नव्हतं, तरी ती त्या जागेला वळसा घालून जायची, जवळ यायची, अंग चोरून निसटायची. माझ्या हॉलच्या मधोमध तो खांब आहे ना, तोच. मागून विचारलं तर म्हणते, "खांबच नोता मामा. कुठून वळू, कळेच ना मले. मंग मनातच उभा केला." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गारठाही होता, पण ते गारठ्याचं नव्हतं. पाच जणींत तिसरी आली. देशभरात अशा पोरीच हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

तेव्हा भाऊजी, बी.एड. बरं. घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, आचलचे कान माझ्या वतीने तुम्हीच ओढा.

तुमचा,
सदाशिव

ता. क. पहिल्या तिघींना परदेशातल्या स्पर्धेला पाठवणार आहेत. गुंजनचं नाव मी देऊन टाकलं. तुम्हाला विचारायचं राहिलं.

ता. क. चिरंजीव नयनच्या लग्नाला हॉल देतो असा शब्द दिला होता, तो कृपा करून परत करा. गुंजनला सरावाला तो सगळा महिना लागेल, आणि आम्ही परदेशात असू त्या दिवसांतही हळद-अक्षता सांडून फरशी बिघडवायची नाही. शेजारच्या बंडूजींचं लॉन मी तुमच्या नावाने धरून ठेवलं आहे.

ता. क. लग्नात नवरदेवाच्या मागे मामा उभा लागतो, हे मी विसरलो नाही. त्या दिवशी मी गुंजनबरोबर परदेशात असेन. कैलासला उभा करा. तोही मामाच आहे, आणि त्याला दुसरं काही काम नसतं.